तुटलेल्या हातांचे प्रमाणपत्र

इतिहासाविषयीचे गैरसमज साचलेल्या पाण्यासारखे असतात आणि वेळीच फवारणी न केल्यास पुढच्या पिढीत पसरतात, ही गोष्ट आमच्या नगरपालिकेच्या ध्यानात आली तेव्हा तिने ‘गैरसमज निर्मूलन कक्ष’ उघडला. कक्षाला जागा हवी होती. डास निर्मूलन विभागाकडे एक खोली जादा होती, तीच देण्यात आली. खिडकी मात्र दोघांत एकच. त्यामुळे सुरुवातीला थोडा घोटाळा झाला आणि एका बाईंच्या गच्चीवरील टाकीत इतिहास आढळल्याची अधिकृत नोंद झाली. टाकी रिकामी करून घेण्यात आली.

मी त्या वेळी गावच्या मनोऱ्यापाशी गाइड होतो. छातीवर पितळी बिल्ला, हातात छडी आणि समोर जे कोणी उभे असेल त्याला मनोऱ्याचा इतिहास सांगायचा, एवढेच काम. गावात मला बंडलकाका म्हणत. पाठीमागे म्हणत असते तर मी दुर्लक्ष केले असते, पण तोंडावरच म्हणत, त्यामुळे ओ द्यावी लागे.

मनोऱ्याचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. बांधकाम पुरे झाले, राजा खूश झाला, त्याने कारागिराला जवळ बोलावले, पाठीवर थाप मारली आणि असा दुसरा मनोरा पुन्हा कुठे उभा राहू नये म्हणून त्याचे दोन्ही हात तोडले. माझ्या आधीचे गाइड हेच सांगत. पलीकडच्या गावचे गाइड त्यांच्या राजवाड्याबद्दल हेच सांगतात. जगात जितक्या देखण्या इमारती, तितके थोटे कारागीर. माझी भर एवढीच, की मी ते प्रत्यक्ष पाहिल्यासारखे सांगत असे. अंगणात ओल्या चुन्याचा वास सुटला आहे. राजा दुसरीकडे बघत फळ सोलतो आहे. जल्लाद आधी उजवा हात घेतो, कारण कारागीर डावखुरा आहे आणि त्याला क्षणभर आशा वाटावी, अशी राजाची इच्छा आहे. इथे मी थांबत असे. बायका पदर तोंडाला लावत, पुरुष घसा खाकरत आणि सगळे मनोऱ्याकडे अशा नजरेने बघत, की मनोराही किंचित ओशाळल्यासारखा वाटे.

कक्षाचा पहिला आदेश निघाला : सर्व गाइडांची सत्यता-तपासणी होईल आणि गैरसमज पसरवणाऱ्याचा बिल्ला काढून घेतला जाईल.

मी घरी येऊन तो आदेश बायकोला वाचून दाखवला. ती शिवणयंत्रावर कुणाचे तरी परकर शिवत होती. पाय न थांबवता म्हणाली, “अहो, खरं बोला, खोटं बोला, काय वाट्टेल ते करा. पण तो बिल्ला घालवून घरी येऊ नका.”

“अगं, माझी इतकी काळजी?”

“तुमची कुठली? माझी. तुम्ही दिवसभर त्या मनोऱ्याशी बोलता म्हणून आपला संसार टिकलाय. मागे पाय मुरगळून घरी बसला होतात, आठवतंय? मी माहेरी जायची पिशवी भरून ठेवली होती.”

आठवत होते. त्या आठवड्यात मी तिला सुईचा इतिहास सांगितला होता.

तेव्हा बिल्ला टिकवणे भाग होते. आणि माझ्यासारख्या माणसाला बिल्ला टिकवायचा तर खरे बोलणे भाग होते. या वयात नवीन धंदा शिकणे सोपे नसते, तरी मी वाचनालयात जाऊन बसलो. ग्रंथपालबाईंनी मला इतिहासाच्या कपाटापाशी पाहून आधी पंखा वाढवला, मग पाणी आणून दिले.

चार पुस्तके वाचली आणि माझा आत्मविश्वास गेला. आयुष्यभर मी ज्या थापा मारल्या त्या खऱ्या इतिहासापुढे अगदीच मिळमिळीत होत्या. एका देशाने पिकांची नासाडी करणाऱ्या उंच पक्ष्यांवर बंदुका घेऊन सैन्य पाठवले होते आणि पक्षी जिंकले होते. एका शहरात काकवीची प्रचंड टाकी फुटून रस्त्यावरून काकवीची लाट गेली होती आणि माणसे तिच्यात सापडून मेली होती. एका मेलेल्या धर्मगुरूला थडग्यातून काढून, वस्त्रे नेसवून, खुर्चीत बसवून त्याच्यावर खटला चालवला होता आणि त्याच्या वतीने उत्तरे द्यायला एक माणूसही नेमला होता. मी चष्मा काढून पुसला. माझी इतकी वर्षांची मेहनत, आणि माझ्या डोक्यात यातले एकही येऊ नये? थापाड्या म्हणून मी सामान्यच होतो, हे त्या दिवशी कळले.

तपासणीच्या दिवशी मी स्वच्छ सदरा घालून कक्षात गेलो. अधिकारी म्हणून एक तरुण मॅडम होत्या. अतिशय सभ्य, अतिशय कामसू, आणि हसणे त्यांच्या सेवाशर्तींत नसावे. बाजूच्या बाकावर तीन माणसे होती. कक्षात सुरुवातीला दोन इतिहासाचे प्राध्यापक नेमले होते, असे मॅडमनी मला समजावून सांगितले. पहिल्या बैठकीत त्यांचे मनोऱ्याच्या काळाविषयी मतभेद झाले. दुसऱ्या बैठकीत पहिली बैठक झाली होती की नाही याविषयी झाले. तेव्हा त्यांना सन्मानपूर्वक मुक्त करून, त्यांच्या जागी कार्यालयातले जे रिकामे होते ते घेतले : टंकलेखक, शिपाई आणि जीपचा चालक. यांचे नाव सर्वसाधारण संमती मंडळ.

“पद्धत सोपी आहे, आजोबा,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही विधान करायचं. तिघांनी मान डोलावली की ते सिद्ध. कुणाची भुवई वर गेली की गैरसमज. कुणाला जांभई आली तर संशोधनाधीन.”

मी पक्ष्यांपासून सुरुवात केली. तीन भुवया एकदम वर गेल्या.

“पक्षी?” शिपाई म्हणाला. “काका, सैन्य म्हणजे काय गंमत आहे का? माझा मेहुणा आहे सैन्यात.”

“गैरसमज,” मॅडमनी लिहिले.

मी काकवी सांगितली. टंकलेखक म्हणाला, “आमच्याकडे बरणी उपडी केली तरी अर्धा तास चमच्यात पडत नाही. लाट कसली?”

“गैरसमज.”

मी जरा घाबरलो. काहीतरी सौम्य सांगावे म्हणून म्हणालो, “तो जगप्रसिद्ध बुटका सम्राट आहे ना, तो बुटका नव्हता. त्या काळच्या मानानं चांगला सर्वसाधारण उंचीचा होता.”

जीपचा चालक ताडकन उठला. उठल्याने फारसा फरक पडला नाही, कारण तो स्वतःच जेमतेम स्टिअरिंगवरून दिसेल इतका होता. “मॅडम, याला बाहेर काढा,” तो म्हणाला. “शाळेत सगळे चिडवायचे तेव्हा आईनं मला त्याचंच नाव सांगितलं होतं. त्याच्या जोरावर मी लग्न केलं, जीप चालवायला शिकलो. आणि हे आज येऊन म्हणतात तो उंच होता!”

“उंच नाही हो, सर्वसाधारण—”

“म्हणजे माझ्याहून उंचच ना?”

मॅडमनी त्याला पाणी दिले आणि माझ्या नावापुढे ‘भावना दुखावणारा गैरसमज’ असे लिहिले. त्याला वेगळा रकाना होता. मी शेवटचा प्रयत्न म्हणून धर्मगुरूच्या प्रेताचा खटला सांगितला आणि शिक्षा म्हणून प्रेताची बोटे तोडली, तेही सांगितले.

“बोटं?” मॅडमनी पहिल्यांदाच मान वर केली. “आजोबा, तोडतात ते हात. बोटं कोण तोडतं?” मग जरा मऊ आवाजात म्हणाल्या, “तुमच्याविषयी बरंच ऐकलं होतं, पण इतकं अविश्वसनीय बोलाल असं वाटलं नव्हतं. शेवटची संधी देते. आपल्या मनोऱ्याचं काय ते सांगा.”

खरे उत्तर माझ्याकडे तयार होते. वाचनालयात तेही मिळाले होते. कारागिराने मनोरा बांधला, मजुरी घेतली आणि तो पुढच्या कामाला गेला. पण समोर तीन भुवया ताणून बसल्या होत्या, डोळ्यांपुढे शिवणयंत्र आले, आणि जीभ आपली जुन्या रस्त्याला लागली. ओला चुना, फळ सोलणारा राजा, आधी उजवा हात.

माझे वाक्य पुरे व्हायच्या आत तिन्ही माना डोलू लागल्या. चालकाने तर डोळे पुसले. मॅडमनी खणातून शिक्का काढला आणि एक प्रमाणपत्र माझ्या हाती दिले : सदर कारागिराचे दोन्ही हात सदर राजाने तोडले असल्याचे याद्वारे प्रमाणित करण्यात येत आहे. बिल्ला छातीवरच राहिला. घरी गेल्यावर बायकोने शिरा केला. मी त्याचा इतिहास सांगायला तोंड उघडले, तर तिने त्यात घास घातला.

आठवड्याने बोलावणे आले. मॅडमसमोर एक पातळ फाइल होती आणि ती बंद होत नव्हती, असे त्यांचे म्हणणे होते.

“आता घटना प्रमाणित झाली. म्हणजे गुन्हा प्रमाणित झाला. पीडित आहे, राजा आहे. पण प्रत्यक्ष हात तोडणारा निष्पन्न व्हायला हवा. आजोबा, हे सगळं तुम्हाला सांगितलं कुणी?”

“आजोबांनी.”

“त्यांना?”

“त्यांच्या आजोबांनी असेल.”

“आधी उजवा हात तोडला हेही?”

“हो,” मी म्हणालो. ते माझ्या डोक्यातून निघाले होते, पण बिल्ला घालून तसे सांगणे मला प्रशस्त वाटेना.

मॅडमनी पेन्सिलीने कागदावर तीन गोल काढले. “त्या अंगणात तीनच माणसं होती. तुम्हीच सांगितलंत. राजाला मूलबाळ नव्हतं, हे प्रमाणित आहे. कारागिरानं सांगितलं असेल म्हणावं, तर तो बेशुद्ध पडला, हेही तुमचंच. मग इतका बारीक तपशील तुमच्या घराण्यात आला कुठून?”

उरलेला तिसरा गोल जल्लादाचा होता. मी मंडळाकडे पाहिले. तिन्ही माना संथपणे डोलत होत्या.

“मला वाटलंच होतं,” शिपाई म्हणाला. “काकांची मनगटं बघा.”

अशा रीतीने मी जल्लादाचा वंशज झालो. संध्याकाळपर्यंत गावाला कळले. गंमत अशी, की बायकोने ते फार शांतपणे घेतले. “आज दूधवाल्यानं पाणी घातलं नाही,” ती म्हणाली. “भाजीवाली वजन करताना दोनदा काटा बघत होती. परकराचे राहिलेले पैसेही आले घरपोच. तुमच्या घराण्याचा पहिल्यांदा काही उपयोग झाला.”

“अगं, पण ते खोटं आहे!”

“तुम्ही कुठे खरं बोलता कधी?”

दुसऱ्या दिवशी पीडिताचा वारसही उगवला. बाजारातल्या सलूनचा मालक. मीच दर महिन्याला त्याच्याकडे केस कापून घेतो. त्याने अर्जात म्हटले होते, की आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कुणी हाताने काही बांधलेले नाही, साधे कपाटही नाही. खोल कुठेतरी भीती बसली आहे. मंडळाने मान डोलावली. मी त्याला गाठून म्हणालो, “अरे, लाज वाटते का? तुझे आजोबा तर गवंडी होते!”

“काका, ते आईकडचे,” तो म्हणाला. “आणि तुम्ही नका बोलू. तुमच्या घराण्यानं आमचं काय केलंय ते गाव जाणतं.” हे बोलताना त्याने कात्री खिशात घातली. बहुधा माझ्या हाती लागू नये म्हणून.

आता मात्र हालचाल करणे भाग होते. जल्लादाच्या वंशजाचा बिल्ला किती दिवस राहणार? मी ठरवले, की आपलीच गोष्ट आपण खोटी पाडायची. पुरावा होता. त्याच कारागिराने मनोऱ्यानंतर बऱ्याच वर्षांनी नदीवर पूल बांधला होता आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे मधल्या कमानीखाली, ओल्या गिलाव्यात, आपले दोन्ही पंजे उमटवून ठेवले होते. खाली साल कोरलेले. मी मॅडमना आणि मंडळाला जीपमध्ये घालून तिथे नेले. चालकाने वाटेत माझ्याशी एक शब्द काढला नाही.

कमानीखाली गार सावली होती. मी छडीने पंजे दाखवले. दहाच्या दहा बोटे स्वच्छ. “बघा,” मी म्हणालो, “मनोऱ्याच्या किती वर्षांनंतरचं साल आहे! हात तोडले असते तर हे कुठून आले?”

मॅडम बराच वेळ वाकून बघत राहिल्या. त्या प्रामाणिक होत्या, यात मला आजही शंका नाही. मग सरळ होऊन म्हणाल्या, “हात इथे आहेत.”

“तेच तर म्हणतोय!”

“म्हणजे त्याच्या अंगावर नव्हते.”

मी छडी पुन्हा सालाकडे नेली.

“तोडलेले हात जपून ठेवले होते,” त्या विचार करत म्हणाल्या, “आणि पूल झाल्यावर त्याच्या घरच्यांनी ते आणून इथे उमटवले. आठवण म्हणून. आणि याचाच अर्थ, हा अख्खा पूल त्या माणसानं हातांशिवाय बांधला.” त्यांचा आवाज प्रथमच भरून आला. “आजोबा, केवढी आश्चर्यकारक सत्यकथा आहे ही! आणि ती तुम्ही शोधून काढलीत.”

तिन्ही माना डोलल्या. टंकलेखकाने पुलाला नमस्कार केला. महिन्याभरात तिथे संगमरवरी पाटी लागली : ‘हा पूल हातांशिवाय बांधण्यात आला आहे.’ बांधकाम खात्याच्या इंजिनिअरांना तो दाखवायला नेतात आणि विचारतात, तुम्हाला दोन-दोन हात असून रस्ता का होत नाही?

एवढ्या मोठ्या माणसाचे हात तोडणाऱ्या घराण्याने आता गप्प बसून चालणार नव्हते. मनोऱ्यासमोर जाहीर माफीचा कार्यक्रम ठरला. मॅडम म्हणाल्या, “मनापासून माफी मागा. मग बिल्ल्याचं मी वर बोलते.” बायकोने माझ्या सदऱ्याला इस्त्री केली आणि बजावले, “कंजूषपणा करू नका. रडायचं असेल तर रडा. पण बिल्ला घेऊन या.”

माणसांच्या गर्दीसमोर मला कधी अपयश आलेले नाही. हाच माझा नाश आहे. मी माफी मागायला उभा राहिलो, आणि ओल्या चुन्याचा वास मला खरोखरच येऊ लागला. मी माझ्या खापरपणजोबांची ती रात्र सांगितली, ज्या रात्री ते जेवले नाहीत. त्यांनी कुऱ्हाड विहिरीत टाकली ते सांगितले. मरताना त्यांनी आपलेच हात कसे पांघरुणाखाली लपवले, ते सांगितले. बायका हुंदके देत होत्या. सलूनवाला धावत आला आणि माझ्या गळ्यात पडून म्हणाला, “काका, झालं गेलं ते गेलं!” मीही रडलो. मॅडम टाळ्या वाजवत होत्या आणि वाजवता वाजवता टिपून घेत होत्या, कारण माझा प्रत्येक शब्द हा आता कबुलीजबाब होता.

त्यानंतर त्यांनी हळुवारपणे माझ्या छातीवरचा बिल्ला काढला.

“मॅडम, तुम्ही म्हणाला होतात वर बोलते म्हणून!”

“बोलले ना. वरून नियम आलाय. अन्याय करणाऱ्याच्या घरच्या माणसानं अन्याय सोसणाऱ्याची गोष्ट सांगणं बरं दिसत नाही.” आणि त्यांनी तो बिल्ला सलूनवाल्याच्या सदऱ्याला लावला.

मी घरी गेलो. बायकोने माझ्या छातीकडे पाहिले, यंत्र थांबवले, चपला घातल्या आणि ती तडक कक्षात गेली. तिथे काय झाले ते मला शिपायाने सांगितले. तिने मॅडमना विचारले, “तुमचं लग्न झालंय का?” मॅडम नाही म्हणाल्या. “मग तुम्हाला कळायचं नाही. हा माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्या घरात राहणार असेल तर मी रोज तुमच्या खिडकीशी येऊन बसेन. काहीही करा, त्यांना कुठेतरी ठेवा.”

‘ठेवा’ म्हटल्यावर नगरपालिकेला एकच जागा माहीत होती. मनोऱ्याच्या तळमजल्यावर संग्रहालय आहे. तिथे दोरी बांधून आत एक खुर्ची ठेवली आणि खुर्चीत मला ठेवले. समोर पाटी : ‘जल्लादाचा वंशज. मूळ नमुना. हात लावू नये.’ वेळ दहा ते पाच, सोमवारी बंद. सोमवारी बायको माहेरी जाते.

वस्तूसाठी नियम फार नाहीत. एकच आहे, आणि तो मॅडमनी सही घेऊन समजावला : वस्तूने बोलायचे नाही. वस्तू बोलत नाही म्हणूनच तिच्यावर विश्वास बसतो.

सलूनवाला लोकांना घेऊन येतो आणि सांगतो. वाईट सांगतो. आधी डावा म्हणतो. एकदा मला राहवले नाही, मी खोकलो, तर लेखी ताकीद आली, की वस्तूंना खोकला येत नाही. पण लोकांना काही फरक पडत नाही. परवा एक गृहस्थ आले होते, शिकलेले, नीटनेटके, हातात पुस्तक असणारे. माझ्याकडे निरखून पाहत बायकोला म्हणाले, “डोळे बघ. रक्तातच असतं ते.” बायको म्हणाली, “अहो, साधे म्हातारे दिसताहेत बिचारे.” ते म्हणाले, “दिसतात. तेच तर.”

तुम्हाला वाटेल, काय हे भोळे लोक. वाटू द्या. मी आपला वस्तूचा नियम पाळतो. तो एक खोकला सोडला, तर त्या खुर्चीत बसल्यापासून मी कुणाशी चकार शब्द बोललेलो नाही. मग इतका वेळ हे सगळे तुम्हाला सांगत कोण होते, हा प्रश्न एखाद्या शहाण्या माणसाला मध्येच केव्हातरी पडायला हवा होता. मी दोरीच्या अलीकडून बघत होतो. तुमची मान काय सुंदर डोलत होती.